गारेजूर: आर्मेनियन ‘जवाचे पाणी’ नाशिकच्या थंडीत कसे करावे

आर्मेनियन भाषेत बिअरला ‘गारेजूर’ म्हणतात. ‘गारी’ म्हणजे जव आणि ‘जूर’ म्हणजे पाणी, तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ ‘जवाचे पाणी’ असा होतो. या नावात नशेचा किंवा फेसाचा उल्लेख नाही; धान्य आणि पाणी एवढेच आहे, आणि मला ते नाव फार नेमके वाटते. बिअर आंबवण्यात घडते असे आपण धरून चालतो, परंतु आंबवण्याचे काम यीस्ट आपसूक करत असते. माणसाच्या हाताचे, नाकाचे आणि धीराचे काम त्याच्या आधीच होऊन गेलेले असते: जवाला बेताने मोड आणणे, ते वेळेवर थांबवणे, वाळवणे, आणि गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवणे. ज्या घरात लहान मुलासाठी नाचणीचे सत्त्व अजून घरी केले जाते, त्या घराला ही निम्मी विद्या अगोदरच येते. उरलेली निम्मी येथे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ‘घरच्यापुरते, हौसेखातर केले’ म्हणून त्यातून सुटका होत नाही. त्यामुळे ही रीत गोड, न आंबवलेल्या जवपाण्यापाशी थांबते. मद्यविक्रीसाठी नव्हे, पण बिअरचा पाया समजून घेण्यासाठी ते पुरेसे आहे, आणि घरातल्या मुलाबाळांसह सर्वांना पिता येते. ज्यांना गव्हाचे किंवा जवाचे ग्लूटेन चालत नाही त्यांनी मात्र यापासून दूर राहावे, आणि मधुमेह असलेल्यांनी हे पाणी साखरेच्या पाकाइतकेच जपून घ्यावे.

भुयारातली भांडी

आर्मेनियातल्या बिअरचे सर्वांत जिवंत वर्णन एका ग्रीक सेनानीने लिहून ठेवले आहे. इसवी सन पूर्व ४०१च्या सुमारास इराणी राजाच्या धाकट्या भावाच्या बाजूने लढायला गेलेले सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक, तो भाऊ रणात पडल्यावर, परक्या मुलखातून काळ्या समुद्राकडे परतत होते. भर हिवाळ्यात, बर्फातून वाट काढत ते आर्मेनियाच्या पठारावरील खेड्यांत पोहोचले. त्यांच्याबरोबर असलेल्या झेनोफनने ‘अ‍ॅनाबसिस’च्या चौथ्या भागात त्या खेड्यांची घरे सांगितली आहेत. घरे जमिनीखाली होती. तोंड विहिरीसारखे अरुंद आणि आत ऐसपैस जागा. आपल्याकडे धान्य साठवण्याचे पेव ज्याने पाहिले आहे, त्याला ही रचना चटकन डोळ्यांपुढे येईल. माणसे शिडीने उतरत, जनावरांसाठी मात्र वेगळी उतरंड खणलेली असे. आत शेळ्या, मेंढ्या, गाई, कोंबड्या, त्यांची पिले आणि त्यांचा चारा असे सगळे एकाच छपराखाली सुखरूप होते.

त्याच घरांत गहू, जव, कडधान्ये आणि मोठाल्या भांड्यांत ‘जवाची वाइन’ होती. झेनोफन लिहितो की भांड्याच्या काठाशी जवाचे दाणे तरंगत होते आणि त्यात बोरूसारख्या पोकळ नळ्या ठेवलेल्या होत्या, काही लांब तर काही आखूड, आणि त्यांना पेरे नव्हती. तहान लागली की नळी तोंडात धरून ओढायची. पाणी मिसळले नाही तर ते पेय फार कडक लागे, आणि सवय झालेल्याला ते अतिशय रुचकर वाटे. कोणाच्या नावाने प्यायचे असेल तर त्याला ओढत भांड्यापाशी नेत, आणि मग त्याने बैलासारखे खाली वाकून प्यायचे. हे वाचताना मला हाळावर पाणी पिणाऱ्या खिल्लारी जोडीची आठवण होते. ज्या माणसाने हे लिहिले, तो स्वतः त्या भांड्यावर वाकलेला असणार; नाही तर नळीला पेर नाही ही बारीक गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली असती?

पेर नसलेल्या नळीचे कारण साधे आहे. त्या काळी पेय गाळत नसत. जवाचे टरफल वर तरंगे, गाळ तळाशी बसे, आणि मधले स्वच्छ पाणी नळीने ओढून घ्यायचे असे. ही पद्धत त्या प्रदेशात फार जुनी आहे. कॉकेशस पर्वताच्या उत्तरेला मायकोप येथील टेकाडात १८९७ साली सोन्या-चांदीच्या आठ लांब नळ्या सापडल्या होत्या. त्या इसवी सन पूर्व चौथ्या सहस्रकातील आहेत. बरीच वर्षे त्यांना राजदंड किंवा छत्रीचे दांडे समजले गेले, परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पिण्याच्या नळ्या असाव्यात असे मांडले गेले, कारण त्यांतील एका नळीच्या टोकाच्या गाळणीत जवाच्या पिष्टाचे कण आढळले. आर्मेनियाच्या आजच्या राजधानीच्या, म्हणजे येरेवानच्या, कडेला असलेले कार्मिर ब्लूर, अर्थात ‘लाल टेकडी’, हे इसवी सन पूर्व सातव्या शतकातील उरार्तू राज्याचे गढीवजा शहर. बोरिस पिओत्रोव्स्की यांनी १९३९पासून तेथे उत्खनन केले. तेथे जव आणि भरडधान्ये सापडली, बिअर तयार करण्याची जागा सापडली, आणि जमिनीत अर्धे पुरलेले प्रचंड मातीचे रांजण सापडले, ज्यांवर त्यांची मापे कीलाक्षरांत कोरलेली होती. अशा रांजणाला आर्मेनियन लोक ‘कारास’ म्हणतात.

जव कोणते घ्यावेत

एक किलो जव घ्यावेत, आणि ते सालासकट असावेत ही पहिली व सर्वांत महत्त्वाची अट आहे. नाशिकमध्ये रविवार कारंजा आणि भद्रकालीच्या भुसार दुकानांत विचारणा केल्यास असे जव मिळतात. पूजेसाठी आणि हवनासाठी लोक नेतात तेच हे. काही ठिकाणी त्यांना सातू म्हणतात, तेव्हा दोन्ही नावांनी विचारावे आणि दाणा हातात घेऊन पाहावा. दाण्यावर पिवळसर, थोडे खरखरीत टरफल असले पाहिजे आणि एका टोकाला गर्भाची बारीक खूण शाबूत दिसली पाहिजे.

पहिल्या खेपेला मी नेमका येथेच चुकलो. एका दुकानातून ‘उत्तम प्रतीचे’ म्हणून पांढरेशुभ्र, गुळगुळीत, मोत्यासारखे जव आणले. दोन दिवस भिजवले, ओल्या पंच्यात गुंडाळले, सकाळ-संध्याकाळ उघडून पाहिले. चौथ्या दिवशी त्यांना आंबूस वास आला, परंतु एकाही दाण्याला मोड आला नाही. सूप करण्यासाठी घासून गुळगुळीत केलेल्या जवात टरफलाबरोबर गर्भही घासला जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो दाणा उगवणारच नाही. त्याच्या अगदी उलट चूक म्हणजे कृषी केंद्रातून पेरणीचे बियाणे आणणे. ते उगवते उत्तम, पण त्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते खाण्यासाठी विषारी आहे. रंगीत पूड लागलेले बियाणे, कितीही धुतले तरी, या कामाला कधीही वापरू नये.

घरी आणल्यावर शंभर दाणे मोजून ओल्या कापडात ठेवावेत. तीन दिवसांत नव्वदच्या वर दाण्यांना मोड आले तर माल चांगला आहे. त्याहून फार कमी आले तर न उगवलेले दाणे पुढे सडतात आणि सगळ्यांना बिघडवतात, म्हणून तो माल चिमण्यांना घालावा आणि दुसरा शोधावा.

हंगाम

हे काम मार्गशीर्ष-पौषात करावे. जवाला मोड येण्यासाठी १५ ते १८ अंश तापमान सर्वांत चांगले, आणि त्या दिवसांत नाशिकच्या घरातल्या सावलीच्या खोलीत ते सहज मिळते. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास घसरतो आणि द्राक्षबागायतदार घड तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, तेव्हा त्याची काळजी आपल्याला समजते, पण जवाला मात्र घरात तीच हवा मानवते. चैत्र-वैशाखात हा प्रयोग करू नये. उन्हाळ्यात मोड दीड दिवसात येतात खरे, परंतु दाण्याच्या आतले पिष्ट मऊ होण्याआधी बुरशी पोहोचते. झेनोफनच्या खेड्यांतील लोक जमिनीखाली राहत होते. जमिनीखालची जागा हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार असते, आणि जवाला मोड आणायला त्याहून चांगली खोली सापडणार नाही.

भिजवणे

जव निवडून तीन-चार पाण्यांनी धुवावेत. वर तरंगणारे पोकळ दाणे आणि काडीकचरा काढून टाकावा. रात्री जेवणे झाल्यावर भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी पाणी पूर्ण निथळून जव चाळणीत किंवा बांबूच्या टोपलीत काढावेत आणि वर ओले फडके टाकून दिवसभर हवेवर ठेवावेत. संध्याकाळी पुन्हा नव्या पाण्यात घालावेत, दुसऱ्या सकाळी पुन्हा निथळावेत. हे मधले निथळणे टाळू नये. भिजणारा दाणा श्वास घेत असतो, आणि तो सलग दोन दिवस पाण्याखाली राहिला तर गुदमरतो. मग त्याला मोड येण्याऐवजी घाण वास येतो.

किती भिजले हे डोळ्यांनी ठरवू नये, वजन करावे. एक किलो कोरडे जव निथळल्यावर साधारण १ किलो ५५० ग्रॅम ते १ किलो ६०० ग्रॅम भरले म्हणजे भिजणे पुरे झाले. कमी भरले तर आणखी तीन-चार तास पाण्यात ठेवावेत. या वेळेपर्यंत दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसू लागतो. ते मूळ आहे.

मोड

आता जव पसरट परातीत किंवा ओल्या सुती कापडावर दोन बोटे जाडीच्या थरात पसरावेत, वर ओले कापड झाकावे आणि परात उजेडापासून दूर ठेवावी. यापुढे चार ते पाच दिवस सकाळी आणि संध्याकाळी हाताने जव खालीवर करावेत. न विसरता करण्याचे काम हेच. मोड येताना दाणे उष्णता सोडतात. हात थरात खुपसला आणि आत ऊब लागली तर थर पातळ करावा. मुळे एकमेकांत गुंतून जवाची चटई होऊ लागते, ती बोटांनी हलकेच सोडवावी. वरचे दाणे कोरडे दिसले तरच पाण्याचा हबका मारावा. पाणी जास्त झाले तर बुरशी आलीच म्हणून समजावे.

वास हा येथे सर्वांत विश्वासू सोबती आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकण काढले की कोवळी काकडी चिरल्यासारखा गार, हिरवा वास येतो. तो वास आला की मला दर वेळी समाधान वाटते. आंबूस किंवा कोंदट वास आला तर तो माल टाकून द्यावा. बुरशी लागलेला जव धुऊन, भाजून वापरण्याचा मोह कोणीही करू नये.

नाचणीच्या सत्त्वाची सवय असलेल्यांनी येथे एक फरक नीट लक्षात घ्यावा. नाचणीचा मोड बाहेर दिसला की आपण काम झाले म्हणतो. जवाचे जे बाहेर दिसते ती मुळे असतात. खरा कोंब टरफलाखाली लपून दाण्याच्या पाठीवरून पुढे सरकत असतो. चौथ्या दिवशी एक दाणा घेऊन नखाने त्याची पाठ सोलावी. आत पांढरट, चपटा कोंब गोगलगाईच्या वाटेसारखा पुढे गेलेला दिसेल. तो दाण्याच्या तीन-चतुर्थांश लांबीपर्यंत आला असेल तर थांबण्याची वेळ झाली आहे. दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळला तर आतले पीठ खडूसारखे मऊ पसरते; कडक खडा लागला तर अजून एक दिवस थांबावे. कोंब टरफलाबाहेर आला तर उशीर झाला, कारण जे पिष्ट आपल्याला गोडव्यासाठी हवे होते ते रोपाने स्वतःसाठी वापरले.

मोड आलेल्या या धान्याला आर्मेनियन भाषेत ‘आत्सिक’ म्हणतात, आणि तो शब्द माल्टसाठीही, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठीही, चालतो. ईस्टरच्या आधी आर्मेनियन घरांत ताटात गहू रुजवतात आणि त्या हिरव्या कोवळ्या रोपांत लाल रंगवलेली अंडी ठेवतात. नवरात्रात घटाभोवती रुजवण घालून दसऱ्याला ती कोवळी पिवळी पाती टोपीत खोवणाऱ्या आपल्या लोकांना या प्रथेचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

वाळवणे आणि भरडणे

मोड आलेले जव सुती कापडावर पातळ पसरून दोन ते तीन दिवस हवेशीर सावलीत आणि मग कोवळ्या उन्हात वाळवावेत, रात्री घरात घ्यावेत. पौषातली नाशिकची कोरडी हवा या कामाला फार चांगली. ओले असतानाच तव्यावर तापवू नयेत. ओलाव्यासह जास्त उष्णता लागली की पिष्टाची साखर करणारी विकरे मरतात आणि पुढचे सगळे श्रम वाया जातात. कापडावर जव हाताला कोरडे लागू लागल्यावर ओव्हनमध्ये ५० ते ५५ अंशांवर काही तास, आणि शेवटी ८० अंशांवर तासभर ठेवावेत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, हाताला सोसवेल इतक्याच उष्णतेवर, सतत हलवत वीस मिनिटे परतावेत. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला आणि त्यातून भाजलेल्या बिस्किटासारखा वास आला की माल्ट झाले. एक किलो जवाचे आठशे ते साडेआठशे ग्रॅम माल्ट मिळते.

वाळलेली मुळे कडू असतात. जव जाड कापडात घालून दोन्ही हातांनी चोळावेत आणि सुपात पाखडावेत. मुळे उडून जातात. ती गाईम्हशींना घालावीत, त्यांना ती पौष्टिक आहेत. माल्ट हवाबंद डब्यात दोन आठवडे मुरू दिले तर चव गोलाई धरते, पण हे ऐच्छिक आहे.

भरडताना पीठ करू नये. जात्यावर हलक्या हाताने एकदा फिरवावे किंवा मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत. प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत आणि टरफल शक्यतो अखंड राहावे. हेच टरफल पुढे गाळणीचे काम करते. पीठ झाले तर सगळे खळीसारखे चिकट होऊन बसते.

गोडवा उतरवणे

या टप्प्यावर घाई झाली तर जवपाणी होत नाही, आंबील होते. उकळत्या पाण्यात भरड टाकली तर पिष्ट शिजून दाट होते, पण गोड होत नाही, कारण गोडवा आणणारी विकरे साधारण ७५ अंशांच्या वर टिकत नाहीत. दुसरीकडे पाणी ६० अंशांच्या खाली असेल तर पिष्ट पुरते फुलत नाही आणि काम रेंगाळते. आपल्याला भरड मिसळल्यानंतर ६५ ते ६८ अंश हवे आहेत.

थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर माप असे धरावे: दोन भाग उकळते पाणी आणि एक भाग साधे पाणी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांवर उकळते, म्हणून हिवाळ्यातल्या २०-२२ अंशांच्या पाण्यात मिसळल्यावर ते ७२-७३ अंशांवर येते, आणि त्यात भरड पडल्यावर ६६ अंशांच्या आसपास स्थिरावते. आठशे ग्रॅम माल्टला २ लिटर ४०० मिलिलिटर पाणी घ्यावे, म्हणजे १ लिटर ६०० मिलिलिटर उकळते आणि ८०० मिलिलिटर साधे. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात आधी पाणी घेऊन मग भरड हळूहळू सोडत ढवळावी, गुठळ्या राहू देऊ नयेत. घट्ट झाकण लावून पातेले जुन्या गोधडीत गुंडाळावे आणि दीड तास मुळीच उघडू नये. नाशिकच्या भांडी बाजारात सुंदर तांब्याची भांडी मिळतात, आणि जगभरच्या जुन्या बिअरखान्यांत तांब्याचेच हंडे असत हेही खरे. पण घरी कल्हई नीट असल्याची खात्री नसेल तर स्टीलच बरे.

दीड तासाने झाकण उघडावे. मघाशी पिठाळ, पांढुरके दिसणारे पाणी आता स्वच्छ, मधाच्या रंगाचे झालेले असते. एक चमचा चाखून पाहावा. साखरेचा एक कणही न घालता तो इतका गोड लागतो की पहिल्या वेळी माझ्या घरी कोणाचा विश्वास बसला नव्हता. नुसत्या जिभेवर भागत नसेल तर पांढऱ्या बशीत थोडे पाणी घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. रंग काळा-निळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, पातेले आणखी अर्धा तास गुंडाळून ठेवावे. रंग तांबूसच राहिला तर पिष्टाची साखर झाली. बशीतले पाणी अर्थातच फेकून द्यावे.

मग मलमलीच्या कापडातून गाळावे. पहिले पाणी उतरल्यावर चोथ्यावर ७५ अंशांच्या आसपासचे दोन लिटर गरम पाणी थोडे थोडे करून ओतावे. टरफलांच्या थरातून ते झिरपताना उरलेला गोडवा घेऊन येते. चोथा पिळू नये, तुरटपणा उतरतो. साधारण साडेतीन लिटर पाणी मिळते. ते पंधरा मिनिटे उकळावे आणि पातेले थंड पाण्यात ठेवून लवकर गार करावे. चव सांगायची तर पातळ केलेल्या काकवीचा गोडवा आणि त्यामागून ताज्या पोळीचा वास. हे पाणी फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे, कारण बाहेर राहिले तर हवेतील यीस्ट आपले काम सुरू करते आणि मग ते गोड पाणी राहत नाही.

पिण्याची रीत

गाळलेले पाणी पेल्यातून पिता येतेच, पण ज्याला त्या जुन्या खेड्याची रीत अनुभवायची आहे त्याने रुंद तोंडाचे, चांगले भाजलेले मातीचे भांडे घ्यावे, त्यात गार जवपाणी भरावे आणि उकळून घेतलेले मूठभर चोथ्याचे दाणे वर सोडावेत. नळीसाठी गव्हाचे जाड काड वापरावे. दोन पेरांच्या मधला तुकडा कापला की आरपार पोकळ नळी मिळते, म्हणजे झेनोफनने सांगितलेली ‘पेर नसलेली’ नळी. फवारणी न केलेल्या शेतातले काड ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणावे, दहा मिनिटे पाण्यात उकळावे आणि खालच्या टोकाला मलमलीची चिंधी दोऱ्याने बांधावी. मायकोपच्या नळ्यांच्या टोकाला जी गाळणी होती तिचे काम ही चिंधी करते. गोदेच्या काठचा बोरू दिसायला ऐटदार असला, तरी नदीच्या आजच्या पाण्यात उगवलेली काडी मी तोंडात घेणार नाही.

सोबत पातळ भाकरी किंवा रुमाली रोटी चांगली लागते, कारण आर्मेनियन पानात जमिनीतल्या ‘तोनिर’ भट्टीत भाजलेली लवाश रोटी असतेच. ती २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पेला उचलताना आर्मेनियन लोक ‘केनात्स’ म्हणतात, त्यात जीवनाचाच अर्थ आहे.

चोथा त्याच दिवशी वापरावा. थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा मिसळला तर थालीपीठ खमंग आणि थोडे चिवट होते. जास्त घातला तर टरफल दातांत येते. उरलेला गोठ्यात द्यावा.

पुढचा टप्पा कोठे पाहावा

या पाण्यात यीस्ट पडले की माल्टची साखर अल्कोहोल आणि कर्बवायूत बदलते, आणि गारेजूर खऱ्या अर्थाने बिअर होते. कडूपणासाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेलीला आर्मेनियन भाषेत ‘गायलुक’, म्हणजे ‘छोटा लांडगा’, म्हणतात. ती वेल तेथे रानातही उगवते. झेनोफनच्या वर्णनात मात्र तिचा उल्लेख नाही, म्हणून मी या रीतीत ती घेतलेली नाही. आजच्या आर्मेनियात येरेवानच्या ‘किलिकिया’चा बिअरखाना १९५२पासून आणि अबोव्यान शहरातील ‘कोताय्क’ १९७४पासून चालू आहे. येरेवानमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या ‘दारगेट’ने जर्दाळू घालून बिअर केली, आणि ज्या फळाच्या शास्त्रीय नावातच आर्मेनिया आहे त्याला बिअरमध्ये जागा मिळावी हे मला अगदी रास्त वाटते. तेथे सेवान सरोवरातल्या उकडलेल्या क्रेफिशबरोबर बिअर पिण्याची पद्धत आहे.

नाशिककरांना आंबवण्याचा टप्पा डोळ्यांनी पाहायचा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या सूक्ष्म बिअरखान्यात आधी विचारून जावे आणि तेथील कारागिराला मोड कोठून आणता, किती अंशांवर माल्ट भिजवता, टरफलाच्या थराचे काय करता, हे विचारावे. बहुतेक ठिकाणी माल्ट तयार पोत्यांत येते आणि त्यामुळे कोंब टरफलाखालून सरकताना पाहिलेले तेथे फारच थोडे जण असतात. आपल्या डब्यातले मूठभर माल्ट बरोबर न्यावे आणि त्यांना चावून पाहायला द्यावे. बोलणे तेथून सुरू होते.